उंदराचा पिंजरा आणि डावा हात : फोंड्यातील एका आत्मचित्र कार्यशाळेविषयी

या पावसाळ्यात माझी नववीतली मुलगी गोव्यातल्या फोंड्याजवळच्या एका खासगी चित्रकला वर्गात ओळीने आठ रविवार जाऊन आली. तेरा ते सतरा या वयाच्या मुलांसाठी तिथे प्रतीकात्मक आत्मचित्राची कार्यशाळा होती. म्हणजे चित्र स्वतःचेच काढायचे, पण नाकडोळ्यांच्या साम्यावर न विसंबता, आपण निवडलेल्या वस्तू, रंग आणि मांडणी यांतून आपण कोण आहोत ते दाखवायचे. वेळ सकाळी दहा ते साडेबारा, शुल्क 4,200 रुपये, कागद आणि रंग वर्गाकडून. वर्गाचे नाव मी लिहीत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत, त्या मी शिक्षिकेला समक्ष सांगितल्या आणि त्यांनी त्या शांतपणे ऐकून घेतल्या. इथे लिहिण्याचा हेतू एवढाच की असे वर्ग इतरत्रही निघत आहेत आणि पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे, काय विचारावे याचा पालकांना थोडा अंदाज यावा. मुलीला हा मजकूर वाचून दाखवला आहे. तिने दोन वाक्ये काढायला लावली, ती काढली आहेत.

मी स्वतः शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे चित्रकलेचा वर्ग म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर स्थिरचित्रातली तांब्याची कळशी, तिच्याशेजारची दोन वांगी आणि मागे चुण्या पाडून सोडलेला पडदा उभा राहतो. जाहिरातीतला 'प्रतीकात्मक' हा शब्द वाचून मला थोडी धास्तीच वाटली होती. डोक्यातून फुले उगवलेली मुलगी, अर्धा चेहरा रंगीत आणि अर्धा काळा, छातीवर कुलूप आणि हातात किल्ली, असली चित्रे मोबाइलवर पैशाला पासरी मिळतात. मुले ती पाहतात, तशीच काढतात आणि मोठी माणसे 'केवढा खोल विचार!' म्हणून माना डोलावतात. आठ रविवार खर्चून असे आणखी एक चित्र घरी येणार असेल तर त्यापेक्षा कळशी बरी, असे माझे मत होते.

पहिल्याच रविवारी ते मत मला बाजूला ठेवावे लागले. वर्ग एका जुन्या कौलारू घराच्या पडवीत भरतो. तिथल्या फळ्यावर खडूने एक यादी लिहिलेली होती: पिंजरा, पंख, फुलपाखरू, साखळी, मुखवटा, कुलूप-किल्ली, तुटलेले हृदय, अर्धा चेहरा हसरा आणि अर्धा रडका. मुलांना वाटले की या आठ गोष्टी काढायच्या आहेत, आणि दोघांनी त्या उतरवून घ्यायलाही सुरुवात केली. मग शिक्षिकेने नियम सांगितला. यांपैकी कोणतीही गोष्ट चित्रात घेण्यास मनाई नाही, मात्र जी घ्यायची ती खरोखरीची वस्तू घरून आणावी लागेल आणि समोर ठेवून, तिच्याकडे पाहून काढावी लागेल. पंख हवे असतील तर पंख आणा, पिंजरा हवा असेल तर पिंजरा आणा. पडवीत हशा पिकला, पण माझ्या दृष्टीने या कार्यशाळेचा निम्मा मोबदला त्या एका नियमातच वसूल झाला.

पाऊस इतका असे की मुलीला सोडून घरी जाऊन पुन्हा न्यायला येण्यापेक्षा मी मागच्या बाकावर बसून राहत असे. शिक्षिकेने त्याला हरकत घेतली नाही. कोणाच्याही कागदावर वाकून पाहायचे नाही, एवढी एक अट घातली. ती मी, दोनतीन प्रसंग वगळता, पाळली.

पिंजऱ्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे आणि ज्याची ती आहे त्या अकरावीतल्या मुलाने ती स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगितलेली असल्यामुळे सांगायला हरकत नाही. त्याला पक्ष्याच्या पिंजऱ्यात बसलेला स्वतःचा चेहरा काढायचा होता. घरी पक्षी नाही आणि पिंजराही नाही. दुसऱ्या रविवारी तो वर्तमानपत्रात गुंडाळून उंदराचा पिंजरा घेऊन आला. लाकडी फळीवर तारेची जाळी, पुढे स्प्रिंगवर उचललेले पत्र्याचे दार आणि आत खोबऱ्याचा तुकडा अडकवण्याचा आकडा. स्प्रिंगची वेटोळी कागदावर कशी उतरवायची यातच त्याचा पाऊण तास गेला. चारदा खोडून झाल्यावर तो आपणहून म्हणाला की या पिंजऱ्याचे दार तर उघडेच असते, नाहीतर उंदीर आत येणार कसा? शिक्षिका त्यावर काही बोलल्या नाहीत, त्या पुढच्या मुलाकडे गेल्या. पक्ष्याच्या पिंजऱ्यातला केविलवाणा चेहरा त्या दिवशी त्याच्या वहीतून नाहीसा झाला. शेवटच्या चित्रात उघड्या दाराचा तोच पिंजरा आहे, त्यात चेहरा नाही, आणि आत आकड्याला, जिथे खोबरे असायचे तिथे, प्रवेश परीक्षेच्या शिकवणीचे ओळखपत्र निळ्या फितीसकट लटकते आहे.

ग्रेड परीक्षांच्या तयारीत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे पाहताना एक गोष्ट नव्याने उमगली. समोरची वस्तू बारकाईने पाहण्याची शिस्त आणि प्रतीक शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे मी समजत होते. इथे पहिलीतूनच दुसरी निघत होती. जे मूल स्प्रिंग नीट पाहते त्यालाच दार उघडे असल्याचे दिसते. 'मला कोंडल्यासारखे वाटते' हे वाक्य मनाशी ठरवून बसलेल्याला ते दिसत नाही, कारण त्याच्या पिंजऱ्याचे दार त्याने आधीच लावून टाकलेले असते.

कार्यशाळेची सुरुवात मात्र चेहऱ्यानेच झाली आणि ते योग्यच होते. दोन रविवार आरसा समोर ठेवून चेहरा काढायचा. पहिल्यांदा कागदाकडे मुळीच न पाहता नुसती बाह्यरेषा, मग मापे घेऊन. बहुतेक मुले डोळे कपाळाच्या जागी काढतात, कारण केस आणि माथा मिळून डोक्याचा केवढा भाग व्यापतात हे लक्षात येत नाही. डोळे साधारणपणे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात हे पेन्सिल आडवी धरून मोजल्यावर पडवीभर आश्चर्याचे उद्गार निघाले. चित्रशिक्षणाचे एक जाणकार व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 मध्ये मुलांच्या चित्रवाढीचे जे टप्पे मांडले, त्यांत साधारण बारा-तेराव्या वर्षी मूल स्वतःच्या चित्राकडे टीकाकाराच्या नजरेने पाहू लागते असे म्हटले आहे. 'हुबेहूब आले नाही' म्हणून पुष्कळ मुले याच सुमारास चित्रे काढणे सोडून देतात. माझ्या मुलीनेही सातवीत सोडले होते. साम्य हाच एकमेव निकष नाही असे या वयात कुणीतरी दाखवून देण्याची गरज असते, पण साम्याची मुळीच फिकीर करू नका असे सांगितले तर ती मुले फसवणूक झाल्यासारखी बिथरतात. दोन रविवार मापांचे आणि मग सुटका, हा क्रम त्या दृष्टीने मला पटला. मापांना आणखी एक रविवार दिला असता तरी चालले असते. तिघेजण तर अजून नाकाशीच झटापट करत होते.

आरशाच्याच दिवशी आमच्या घरचे प्रकरण सुरू झाले. माझी मुलगी डावखुरी आहे. आरशातली मुलगी उजव्या हाताने चित्र काढते आहे, हे तिने शेजारणीला दाखवले. शिक्षिकेच्या कानावर ते गेले आणि त्यांनी तिथेच डच चित्रकार व्हॅन गॉगची हकिकत सांगितली. 1888 च्या डिसेंबरात आर्ल गावी त्याने स्वतःचा डावा कान कापला आणि पुढच्याच महिन्यात कानाला पट्टी बांधलेले आत्मचित्र काढले, पण त्या चित्रात पट्टी उजव्या कानावर दिसते, कारण तो आरशात पाहून रंगवत होता. आरशातून काढलेले प्रत्येक आत्मचित्र असे उलटे असते, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने सवय लावल्यामुळे आपल्या ते लक्षात येत नाही, असे त्या म्हणाल्या. मुलीने वहीत काहीतरी लिहिले. काय लिहिले ते मी विचारले नाही आणि विचारून उपयोगही नव्हता, कारण ती 'बंद वही' होती.

ही वह्यांची पद्धत या वर्गात मला सर्वांत आवडली. प्रत्येक मुलाला दोन वह्या मिळतात. एक उघडी वही, जी शिक्षिका दर रविवारी पाहतात आणि तीत पेन्सिलीने दोन ओळींचा अभिप्राय लिहितात. दुसरी बंद वही, तिला रबर लावलेला, ती त्या कधीही मागत नाहीत आणि पालकांनीही मागू नये असे पहिल्या दिवशी स्पष्ट बजावतात. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला स्वतःविषयी चित्र काढायला सांगायचे तर त्याला लपण्याची जागाही द्यायला हवी, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. प्रतीकाचा अर्धा उपयोग तोच तर आहे: म्हणायचे ते म्हणून झाले आणि हात वर करायलाही मोकळे.

तिसऱ्या रविवारी चित्रकारांची ओळख होती. व्हॅन गॉगने 1888 मध्येच काढलेल्या दोन खुर्च्या दाखवल्या. स्वतःची वेताच्या बैठकीची साधी खुर्ची, तिच्यावर पाइप आणि तंबाखू, आणि मित्र गोगँची हातांची खुर्ची, तिच्यावर जळती मेणबत्ती आणि पुस्तके. माणूस दोन्ही चित्रांत नाही. 'घरात तुमची बसायची जागा काढून आणा' हा गृहपाठ त्यातून आला आणि त्याने मुलांना चांगलेच कामाला लावले, कारण निम्म्या मुलांना आपली अशी जागाच सापडेना. उसगावकडच्या एका मुलाने अंगणात ताडपत्रीखाली उभा असलेला वडिलांचा टिपर, म्हणजे खाणीचा माल वाहणारा ट्रक, काढून आणला. गोव्यातल्या खाणी 2012 मध्ये थांबल्या, मग काही काळ सुरू झाल्या आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या, हा तपशील फोंडा, डिचोली, सांगे या तालुक्यांतल्या मुलांना कुणी शिकवावा लागत नाही. मागच्या चाकाच्या रिंगमधून वर चढलेली वेल त्याने पानापानांनिशी काढली होती. यात तू कुठे आहेस, असे शिक्षिकेने विचारले तेव्हा तो म्हणाला, 'खाली, सावलीत.' तिथे मोबाइलची रेंज येते म्हणे.

त्यानंतर मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो आली, आणि ती येणारच होती. 1925 मधला बसचा अपघात, पलंगाच्या छताला लावलेला आरसा, पडल्या पडल्या काढलेली आत्मचित्रे, हे मुले डोळे विस्फारून ऐकत होती. 1940 चे गळ्यात काट्यांची माळ असलेले आत्मचित्र पडद्यावर लावून शिक्षिकेने दहा मिनिटे फक्त 'काय दिसते' एवढेच विचारले. अर्थ सांगायला बंदी. माकड, काळे मांजर, मोठाली पाने, माळेला लटकलेला मेलेला हमिंगबर्ड. एका मुलीने तेवढ्यात मोबाइलवर पाहून घेतले की मेक्सिकोच्या लोकसमजुतीत तो पक्षी प्रेमाचा ताईत मानतात, आणि आपल्याही चित्रात तो घेणार असे जाहीर केले. शिक्षिकेने तिला विचारले की तू तो कुठे पाहिलास? हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर सापडतच नाही. आपल्या जास्वंदीवर जो येतो तो शिंजीर. मग त्यांनी त्यांचा ठरलेला प्रश्न टाकला, 'हें कोणाचें?' आठ रविवारांत हा प्रश्न मी किमान पन्नास वेळा ऐकला असेल. निळा रंग दुःखाचा, कोण म्हणाले? हें कोणाचें? गुलाब प्रेमाचा, तुझ्या घरी गुलाब कधी आला होता? हें कोणाचें? काही मुले वैतागत, पण पाचव्या रविवारपर्यंत ती एकमेकांनाच हा प्रश्न विचारू लागली होती. त्या मुलीने शेवटी शिंजीरही घेतला नाही. पंखांसाठी आणलेले कोंबडीचे पीस घेतले.

इथे माझी एक छोटी कुरकूर नोंदवते. पडद्यावर आलेले सगळे चित्रकार परदेशी होते. साळगावात 1924 मध्ये जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे नाव एकदा ओझरते निघाले आणि तेवढ्यावरच राहिले. व्यक्तिचित्रांसाठी ख्याती मिळवलेले अंतोनिओ झेवियर त्रिंदाद (1870 ते 1935) यांच्या चित्रांचा संग्रह पणजीत फोंतेन्हासला, फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत आहे. फोंड्याहून तासाभराची वाट. आठांपैकी एक रविवार तिथे नेला असता तर मुलांनी पडद्यावरचे नव्हे, खरे तैलरंग, त्यांची जाडी आणि चकाकी पाहिली असती. शिक्षिका म्हणाल्या की वाहतुकीची जबाबदारी नको वाटते. त्यांची अडचण खरी असेल, पण मग पालकांना तरी सुचवावे.

गोव्यातले काही शिकवलेच नाही असे मात्र मी म्हणणार नाही. मांडणीचा पाठ त्यांनी माटोळीवरून घेतला आणि तो नामी होता. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगण, चिबूड, रानातल्या घागऱ्या बांधतात. ते बांधणारा माणूस जड काय, हलके काय, कोणते फळ कुणाशेजारी शोभेल, हे कसे ठरवतो याचे निरीक्षण करून 'स्वतःची माटोळी' काढायची, म्हणजे चौकटीत आपल्या दहा वस्तू टांगायच्या. त्यातल्या सात नंतर काढून टाकायच्या. दोन ख्रिस्ती मुलांना त्यांनी नाताळच्या गोठ्याची मांडणी घ्यायची मुभा दिली होती, पण त्या दोघांनी शेजाऱ्यांच्या घरची माटोळीच घेतली आणि सगळ्यांत चांगली बांधली. रंगाचा पाठ कावीचा. गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर देऊन तो खरवडून खालचा पांढरा काढतात, त्या लालची ओळख म्हणून मुलांनी घराघरांतून जांभ्याची माती आणली, ती धुऊन, गाळून, डिंकाच्या पाण्यात घोटली. रंग रवाळ झाला, ब्रशचे केस झडले, वर्गभर चिखल झाला, आणि मुलांनी विकतच्या ट्यूबमधला लाल पुढे बाजूला सारला.

साहित्याबाबत मात्र वर्गाने निराशा केली. जाहिरातीत जलरंगाचा जाड कागद म्हटले होते आणि प्रत्यक्षात हाती आला तो पातळ कार्ट्रिज, म्हणजे साधा रेखाटनाचा कागद. श्रावणातल्या दमट हवेत त्याच्यावर पाण्याचा एक हात फिरला की कागद पापडासारखा फुगायचा आणि खळग्यांत रंग साचायचा. कागद आधी भिजवून, फळीवर चारही बाजूंनी डिंकाच्या पट्टीने ताणून वाळवला की हा त्रास पुष्कळ कमी होतो. पण त्यासाठी कागद मुळात दणकट हवा, पातळ कागद ताणताना फाटतो. चौथ्या रविवारपासून आम्ही 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) स्वतःचा जाड कागद नेऊ लागलो. तुकडीत बारा मुले घेऊ असे सांगून अठरा घेतली होती, ही दुसरी तक्रार. 'हें कोणाचें?' हा प्रश्न नीट विचारायचा तर प्रत्येक मुलाजवळ दहा मिनिटे बसावे लागते, आणि अडीच तासांत अठरा मुलांना दहा मिनिटे पुरत नाहीत हा साधा हिशेब आहे. शेवटच्या बाकावरची दोन अबोल मुले तीन रविवार कुणाच्याही नजरेस पडली नाहीत. त्यांतल्या एकाने शेवटी फुलपाखरूच काढले, आणि तेही कुणी हटकले नाही.

आता आठव्या रविवारचे प्रदर्शन. माझी खरी तक्रार इथेच आहे.

माझ्या मुलीच्या चित्रात चेहरा नाही, दोन हात आहेत. उजवा पुढे आलेला, तीर्थ घेताना करतात तसा तळवा खोलगट केलेला, बोटे अगदी एकमेकांना चिकटून, शिकवल्यासारखी. डावा कमरेमागे वळलेला. त्या हातात पेन्सिल आहे आणि करंगळीखालची कड करडी झालेली आहे. डावखुऱ्या माणसाचा हात लिहिताना ताज्या अक्षरांवरून घासत जातो, त्याचा तो डाग. मागे सपाट लाल, जांभ्याचा. 'उजवा हात पुढे कर' हे वाक्य आमच्या घरात ती उभी राहायला लागल्यापासून रोज उच्चारले गेले आहे, सासूबाईंनी जितक्या वेळा, तितक्याच वेळा मीही. देवघरापुढे, जेवताना, हळदीकुंकवाला, पाहुण्यांना चहा देताना. मला ते चित्र प्रदर्शनातच पहिल्यांदा दिसले, आणि सासूबाई माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

प्रदर्शनाला एक पाहुणे बोलावले होते. त्यांनी हातात माइक घेऊन एकेका मुलाला त्याच्या चित्रापाशी उभे केले आणि 'यातून तुला काय सांगायचे आहे?' असे विचारायला सुरुवात केली. मूल अडखळले की ते स्वतःच अर्थ सांगत. गडद रंग आहेत म्हणजे मन उदास आहे, माणूस काढलेला नाही म्हणजे आत्मविश्वास कमी आहे. ज्या वर्गात आठ आठवडे निळ्या रंगाला 'हें कोणाचें?' म्हणून विचारले गेले, त्याच वर्गाच्या व्यासपीठावर ही तयार अर्थांची पुरचुंडी उघडली गेली आणि शिक्षिका बाजूला उभ्या राहून हसतमुखाने ऐकत होत्या. टिपरवाला मुलगा गप्पच राहिला. माझ्या मुलीची पाळी आली तेव्हा पाहुण्यांनी विचारले की डावा हात का लपवला आहेस? तिने एकदा पहिल्या रांगेकडे पाहिले आणि म्हणाली, 'हात काढायला सगळ्यांत अवघड असतात, म्हणून हात काढले.' टाळ्या पडल्या. परतताना गाडीत सासूबाईंनी एवढेच विचारले की त्या मागच्या हातात काय धरले होतेस गो? 'पेन्सिल, आजी.' त्यावर दोघीही पुढे काही बोलल्या नाहीत आणि मीही वायपर पुसतो आहे ती काच पाहत राहिले.

ती निसटली, कारण तिला निसटता येते. सगळ्यांना येत नाही. बंद वहीचा नियम करणाऱ्या वर्गाने भर सभेत वही उघडायला लावू नये, इतके तरी पालक म्हणून आपण मागू शकतो. चित्राखाली मुलाने स्वतः दिलेले शीर्षक आणि कशाने काढले याची एक ओळ पुरे. ज्याला बोलायचे आहे त्याने बोलावे. संध्याकाळपर्यंत अठराही चित्रे वर्गाच्या इन्स्टाग्रामवर मुलांच्या नावांसकट चढली होती. प्रवेशाच्या अर्जावर तशा संमतीची एक ओळ होती आणि खाली माझी सही होती, हे मी नाकारत नाही. मुलीला कुणी विचारले नव्हते, मीसुद्धा नाही. मी फोन केल्यावर तासाभरात तिचे चित्र उतरवले गेले, आणि पुढच्या तुकडीपासून मुलांची वेगळी संमती घेऊ असे शिक्षिकेने सांगितले. प्रदर्शनातल्या प्रकाराबद्दल त्या म्हणाल्या की पाहुण्यांना मध्येच थांबवणे जमले नाही. ते मला समजते. आपल्याकडे पाहुण्याच्या हातून माइक कोण काढून घेणार?

तर कोणी जावे? ज्यांना ग्रेड परीक्षेची तयारी हवी आहे त्यांनी नको, तिथे स्मरणचित्र किंवा अक्षरलेखन शिकवत नाहीत. ज्या मुलाने 'मला चित्र येत नाही' म्हणून रंगपेटी माळ्यावर टाकली आहे त्याला जरूर पाठवावे. तेरापेक्षा लहान मुलांना घेत नाहीत आणि ते बरे आहे. भरती करताना तुकडीत किती मुले असतील, अर्जावरच्या छायाचित्रांच्या कलमावर काट मारता येते का, आणि प्रदर्शनात बोलणे सक्तीचे आहे का, हे तीन प्रश्न विचारून घ्यावेत. पुढची तुकडी दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होते. माझ्या भाच्याचे नाव मी घातले आहे. छायाचित्रांच्या ओळीवर त्याने स्वतःच काट मारली आहे. कागद मात्र आम्ही आमचाच नेणार.